कळव्याच्या पाइपवरची फुली

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी विजया साळवी हे नाव घेतो. या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ते ऐकलं असेल. डोंबिवलीच्या एमआयडीसीत लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावायचे रंग बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेत मॅडमनी सगळी नोकरी केली. गेल्या महिन्यात त्या गेल्या. सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात त्यांच्या यजमानांचा, साळवीकाकांचा फोन आला. "मंगेश, तुझ्या मॅडम गेल्या रे," एवढंच म्हणाले. काका घरात त्यांना विजू म्हणायचे. मला सांगताना मात्र त्यांनी माझा शब्द घेतला... मी कुलूप तसंच हातात घेऊन पायरीवर बसलो.

मी मुरबाड तालुक्यातला. वडील वीटभट्टीवर, आई भाताच्या लावणीला आणि कापणीला लोकांच्या शेतावर. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळा मराठी, आणि पुढे कल्याणच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं तेही आवड म्हणून वगैरे नाही, त्याला जागा होती म्हणून. पदवी हातात आली तेव्हा वडिलांनी ती भट्टीवरच्या सगळ्यांना दाखवली आणि घडी पडू नये म्हणून गादीखाली ठेवली. पण नोकरीच्या मुलाखतीला गेलो आणि इंग्रजीचा पहिला प्रश्न आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. तीन-चार ठिकाणांहून असाच परत आलेलो.

डोंबिवलीच्या त्या मुलाखतीत टेबलापलीकडे सुती साडीवर पांढरा कोट घातलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा बांधलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझे कागद चाळले, इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझा चेहरा बघून कागद बाजूला ठेवले.

"पिठलं करता येतं?"

मला वाटलं, थट्टा चाललीय. मी म्हटलं, "येतं. आई शेतावर असली की मीच करायचो."

"गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करतोस?"

"पीठ थोडं थोडं सोडायचं. आणि हात थांबवायचा नाही. कुणी हाक मारली तरी थांबवायचा नाही."

"आमचं काम तेच आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून ये. इंग्रजी काही पळून जात नाही."

पहिल्याच आठवड्यात मी एका तपासणीचा अहवाल लिहिला. शब्दकोश घेऊन बसलो होतो, तरी चार ओळींत पन्नास चुका असाव्यात. मॅडमनी तो वाचला आणि परत दिला. "आधी मराठीत लिही. जे दिसलं ते. इंग्रजी करायला मी आहे." मग मराठीत लिहिला, तर त्यातला एक शब्द खोडला. मी लिहिलं होतं, 'रंगाचा परिणाम उत्तम.' त्या म्हणाल्या, "उत्तम हे तुझं मत झालं. फोड आले का? किती? कुठे? गंज कुठल्या रंगाचा? मत मला नको, ते माझ्याकडे भरपूर आहे." वर्षभर मी तसाच मराठीत लिहीत गेलो आणि त्या शेजारी बसवून त्याचं इंग्रजी करून दाखवत गेल्या. आज मी परदेशी कंपन्यांच्या लोकांशी फोनवर बोलतो. त्यांना काय ठाऊक, की त्यांच्याशी बोलणारा माणूस अजून आधी मनात मराठीत लिहितो.

मॅडमना गंजाचं वेडच होतं म्हणायला हरकत नाही. ठाण्याला त्यांच्या बहिणीकडे गेल्या तर सोसायटीच्या फाटकाचा पोपडा नखाने काढून खाली काय आहे ते बघायच्या. काका वैतागायचे. "लग्नाला गेलो तरी ही आधी हॉलचं गेट खरवडते. नवरीकडचे लोक मला विचारतात, तुमच्या मिसेस म्युनिसिपालिटीत आहेत का?" यावर मॅडम शांतपणे म्हणायच्या, "आणि हे आधी जेवणाची पंगत बघतात, ते नाही सांगत." माझी आई एकदा गावचे वाल आणि तांदूळ घेऊन त्यांना भेटायला आली. हात जोडून म्हणाली, "बाय, माझ्या पोराला वरडा हां, लाडावू नका." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "वरडते हो. रोज वरडते." त्या दिवसापासून माझ्यावर रागावल्या की त्या म्हणायच्या, "आईंनी परवानगी दिलीय."

मी लागून दुसरं वर्ष असेल, तेव्हा ग्राफीन आलं. आपल्या पेन्सिलीतलं शिसं असतं ना, त्याचा सोलता येईल तितका पातळ, अणूइतक्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. आमच्याकडे ते काळ्या भुकटीच्या रूपात यायचं, आणि इतकं हलकं की पिशवी उघडताना कुणी शिंकलं तर अख्खी प्रयोगशाळा काळी. पहिल्या दिवशी मी घरी... म्हणजे कल्याणला आम्ही चौघं मुलं एका खोलीत राहायचो तिथे... गेलो, तर पोरं म्हणाली, "काय रे, कोळशाच्या वखारीत लागलास काय?" ही भुकटी रंगात अगदी थोडी मिसळायची. तिचे पापुद्रे रंगाच्या थरात आडवे, एकावर एक पसरतात आणि पाणी, मीठ, हवा यांना लोखंडापर्यंत सरळ जाता येत नाही, वळसे घेत जावं लागतं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे भाताच्या उडवीसारखं." त्यांना उडवी माहीत नव्हती. मी सांगितलं, कापलेल्या भाताचे भारे आम्ही असे रचतो की वरून पाऊस पडला तरी पाणी बाहेरच्या बाहेर उतरतं, आतलं धान्य कोरडं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढून त्यांनी कारखान्यातल्या सगळ्यांना तेच शिकवलं आणि म्हणाल्या, "हे मंगेशचं आहे हं." वीटभट्टीवाल्याच्या पोराचं काहीतरी कुणीतरी फळ्यावर मांडलं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आमच्याकडे रंग तपासायची पद्धत अशी. लोखंडाचे तळहाताएवढे पत्रे घासून स्वच्छ करायचे, त्यांना रंग लावायचा, वाळला की ब्लेडने रंग कापत लोखंडापर्यंत जाणारी एक फुली मारायची आणि मग पत्रे एका बंद पेटीत ठेवायचे. पेटीत सतत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडलेलं असतं. आठवड्यांनंतर पत्रे बाहेर काढायचे आणि फुलीच्या कडेने गंज किती आत शिरला ते बघायचं. फुली मारणं महत्त्वाचं, कारण खऱ्या जगात रंगावर ओरखडा येतोच. मॅडमच्या हातून फुलीशिवाय पत्रा पेटीत गेलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि नेमकी हीच गोष्ट ग्राफीनच्या पत्र्यांच्या बाबतीत घडली.

त्याला कारण ते पत्रेच. महिनोन्महिने गुठळ्या मोडण्यात गेले होते, रंग फिरवणाऱ्या यंत्राशी मॅडमनी स्वतः उभं राहून वेळा बदलून पाहिल्या होत्या, आणि शेवटी एक दिवस असा काळाभोर, नितळ थर बसला की त्यात आपला चेहरा दिसावा. कारखान्याचे मालक मनसुखभाई खाली येऊन बघून गेले. "बेन, हे तर आरसा आहे. भुकटी अजून जरा जास्ती टाका ना, महागाची वस्तू आहे, पार्टीला दिसली पाहिजे." मॅडमनाही तेव्हा वाटत होतं, की ग्राफीन वाढवलं तर वळसे वाढतील, रंग अधिक टिकेल. त्यांनी वाढवलं. आणि फुली मारायची वेळ आली तेव्हा ब्लेड हातात घेऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे पहिले तसेच जाऊ देत. आधी नुसता थर कसा राहतो ते बघू." पत्रे पेटीत गेले. बाहेर आले तेव्हा ठेवले तसेच, एक ठिपका नाही. मनसुखभाईंनी पेढे वाटले.

मग गिऱ्हाईक आलं. पाण्याचे पाइप टाकणारी एक कंपनी होती, तिचे तपासनीस म्हणून एक बुटकेसे गृहस्थ आले होते, सारखी बडीशेप चघळणारे. त्यांनी पत्रा हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"छानच आहे. नव्या जावयासारखा दिसतोय," ते म्हणाले. "पण मॅडम, फुली कुठाय?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"नाही, काय आहे, आमचा पाइप जातो नाल्यावरनं. पोरं त्याच्यावर चढतात, दगड घासतात. जावयाला थोडं रागावून बघायला पाहिजे ना." असं म्हणून त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि पत्र्यावर कर्रकन दोन रेघा ओढल्या. सोबत आमच्या जुन्या, साध्या रंगाच्या पत्र्यावरही ओढल्या. "हे दोन्ही ठेवा पेटीत. मी येतो परत."

ते परत आले तेव्हाचं टेबल मला आजही दिसतं. जुन्या रंगाच्या पत्र्यावर रेघांपाशी जेमतेम तांबूस कड. आणि आमच्या आरशासारख्या पत्र्यावर रेघांच्या दोन्ही बाजूंना रंग फुगून वर आलेला, खाली लाल चिखल. नवा महाग रंग ओरखड्यापाशी जुन्यापेक्षा वाईट निघाला होता. मनसुखभाईंचा चेहरा उतरला. ते माणूस वाईट नव्हते, पण पाहुण्यासमोर काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. "हे नवीन पोरगा आहे ना, त्यानी पत्रा बरोबर घासला नसेल. खाली गंज राहिला असेल." पत्रे मीच घासले होते. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. गावाला आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पोरगा डोंबिवलीला कायम झाला.

मॅडमनी पत्रा उचलला आणि त्या तपासनीसांकडे वळून म्हणाल्या, "पत्रा यानं नीट घासलाय, मी हात फिरवून बघितला होता. फुली मी मारली नाही. मारली असती तर हे आम्हालाच आधी दिसलं असतं. चूक माझी आहे."

ते गृहस्थ बडीशेप चघळायचे थांबले. मग म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं फिरतोय, असं कुणी सांगत नाही हो." आणि गेले. ऑर्डर अर्थातच मिळाली नाही. मी कायम झालो, हे पुढच्याच महिन्यात कळलं. पण त्या दिवशी दुपारी डबा खाताना मॅडम पोळीचा तुकडा हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, जेवा ना." त्या म्हणाल्या, "अरे, इतकं सुंदर झालं होतं ते... हात धजला नाही बघ." एवढंच.

पुढे त्यांनीच कारण शोधलं. ग्राफीन लोखंडाला थेट चिकटलेलं असलं आणि भरपूर असलं, की ओरखड्यापाशी ते स्वतः मजेत राहतं आणि गंजायची सगळी पाळी लोखंडावर येते. म्हणून ते खूप कमी करायचं, आणि पहिल्या थरात घालायचंच नाही. लोखंडाला आधी साधा थर, ग्राफीन त्याच्यावरच्या थरात. ऐकायला सोपं आहे, पण त्या एका वाक्यापर्यंत यायला मॅडमची निवृत्ती जवळ आली. मनसुखभाई मधूनमधून म्हणायचे, "बेन, ते काळं पीठ आता बंद करू या." मॅडम म्हणायच्या, "मी जाईपर्यंत चालू दे, मग तुम्ही आणि मंगेश बघा." पेटीतले निकाल चांगले येऊ लागले होते, आता प्रत्येक पत्र्यावर फुली होती. पण पेटी म्हणजे पेटी. मॅडमना खरी खाडी हवी होती. त्या म्हणायच्या, "मला एकच कळायला हवं. ओरखडा पडल्यावर हा रंग लोखंड राखतो की नाही. बाकी सगळं तुम्ही शोधा."

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरला होता. त्यांनी तो सकाळी उरकायला लावला आणि दुपारी मला घेऊन कळव्याला गेल्या. तिथे खाडीकाठी एका जुन्या कंपनीचा पाइप तिवरांच्या चिखलावरून जातो. त्यांच्या मॅनेजरकडून मॅडमनी आधीच परवानगी काढली होती. आदल्या आठवड्यात मी त्या पाइपवर शेजारी शेजारी दोन पट्टे रंगवून ठेवले होते, एक आमचा जुना रंग आणि एक नवा, दोन थरांचा. खालच्या अंगाला हात पोहोचत नव्हता म्हणून चिखलात फळी टाकून, आडवा होऊन घासलेलं. निवृत्तीची नवी कोरी साडी खोचून मॅडम काठावर उतरल्या, पर्समधून ब्लेड काढलं आणि दोन्ही पट्ट्यांवर फुल्या मारल्या. या वेळी हात थांबला नाही. "आता या फुल्या बघत राहा," म्हणाल्या. "आणि मला कळवत जा."

वर्षभर मी कळवत होतो. मग त्या आजारी पडल्या. आधी वाटलं साधंच आहे, मग हॉस्पिटल सुरू झालं, मग एक दिवस डॉक्टरांनी घरीच ठेवा असं सांगितलं. फोनवर बोलल्या की दमायच्या, मोबाइलचा उजेड डोळ्यांना सोसत नव्हता. तरी काकांना विचारायच्या, "कळव्याचं काय झालं? पोरगं गेलं होतं का?" दुसरा पावसाळाही उलटून गेला होता. काकांनी मला फोन केला. आवाज बारीक करून म्हणाले, "एक पत्र लिही. मी वाचून दाखवीन. पण मंगेश... चांगलंच लिही हं. तिला आता वाईट ऐकवायचं नाहीये."

रविवारी मी कळव्याला गेलो. जे बघितलं ते सगळं चांगलं नव्हतं. परत येताना पुलावर उभा राहून मी बराच विचार केला. काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पाइपच्या वरच्या बाजूचं लिहायचं, खालच्या बाजूचं गाळायचं, एवढंच करायचं होतं, आणि त्यात एकही शब्द खोटा झाला नसता. पण त्या मला कित्येक महिने एकच प्रश्न विचारत होत्या, आणि उत्तर माझ्याकडून हवं होतं. सोमवारी कामावरून खोलीवर आल्यावर मी आहे तसं लिहिलं आणि डोंबिवलीला जाऊन काकांच्या हातात दिलं. त्यांना आधीच सांगितलं, "काका, सगळं चांगलं नाहीये. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्यांनी वाचलं. मला हे नंतर कळलं, मॅडम गेल्यावर आठव्या-नवव्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा. काका म्हणाले, "पहिला भाग वाचला तेव्हा डोळे मिटूनच होती. मला वाटलं झोपली. पाइपच्या खालचा रंग सुटल्याचं आलं, तसे डोळे उघडले. म्हणाली, हां, आता पटतं. परत वाच म्हणाली, पहिल्यापासून. मी वाचलं परत." मग ते आत गेले आणि पत्र आणून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ठेव तुझ्याजवळ. तुझ्या हातचंच आहे."

पत्र पोहोचल्यावर आठवड्याच्या आतच मॅडम गेल्या होत्या. ते इथे देतो आहे.

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

काल कळव्याला जाऊन आलो. ओहोटी होती, त्यामुळे पाइपच्या खाली उतरता आलं. दिसलं ते लिहितो.

डावीकडचा पट्टा, आपला जुना रंग. फुलीच्या दोन्ही बाजूंनी रंग उचलला आहे. नखाने सोलला तर अंगठ्याएवढ्या रुंदीचा निघाला. खाली लाल, ओला गंज. आजूबाजूला बारीक फोड.

उजवीकडचा, दोन थरांचा. फुलीच्या रेघेत गंज आहे. रेघेच्या बाहेर नाही. ब्लेडचं टोक कडेखाली घालून रेटलं, रंग सुटला नाही. चारही टोकांना रेटून पाहिलं. फोड नाहीत. चकाकी गेली आहे, रंग थोडा करडा दिसतो.

तुम्ही विचारत होता त्याचं उत्तर म्हणून, ओरखड्यापाशी त्याने लोखंड राखलं आहे.

आता दुसरं. पाइपच्या खालच्या अंगाला, वेल्डिंगच्या सांध्याजवळ, उजव्या पट्ट्यातही रंग सुटला आहे. तळहाताएवढा. तिथे फुली नव्हती. पोपडा काढला तर खाली काळपट गंज. मी तिथे आडवा होऊन घासलं होतं, तेव्हा जुना गंज पुरता निघाला नसेल. किंवा वेल्डच्या खरखरीत कडेवर थर पातळ बसला असेल. किंवा आपल्या रंगाचंच काही असेल. यातलं कुठलं ते मला आज सांगता येत नाही.

मनसुखभाई म्हणाले, फक्त वरच्या बाजूचा फोटो पार्टीला पाठव. मी दोन्ही बाजूंचे पाठवले. थोडे रागावले, मग चहा मागवला. काळं पीठ बंद करा असं आता म्हणत नाहीत.

आईने तुमच्यासाठी वाल दिले आहेत, ते काकांकडे देतो.

खालच्या त्या जागेचं कारण मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही ती बघितली तर बरं होईल. काठापर्यंत आता रिक्षा जाते, बसायला खुर्ची मी घेऊन येईन, आणि टॉर्च. फक्त ओहोटी पाहिजे. पुढच्या रविवारी ती सकाळी आहे, ऊन चढायच्या आत जाऊन येता येईल. काकांना मी विचारतो. तुम्ही नुसतं हो म्हणा.

तुमचा,
मंगेश